श्यामच्या आईचे स्वयंपाकघर

‘श्यामची आई’ या पुस्तकावर महाराष्ट्राने आजवर इतके अश्रू ढाळले आहेत की, त्याची पाने कोरड्या डोळ्यांनी उलटून पाहावीत असे कोणाला फारसे सुचत नाही. ज्यांना रडू येते ते पुस्तक डोक्यावर घेतात. ज्यांना रडण्याची लाज वाटते ते त्याला ‘रडके पुस्तक’ म्हणून बाजूला सारतात. या दोन्ही पक्षांचे एका बाबतीत एकमत आहे. पुस्तकात आसवांखेरीज पाहण्याजोगे काही असेल, ही शंका दोघांनाही येत नाही.

मला अलीकडे हे पुस्तक जेवणाच्या अंगाने दिसू लागले आहे. याचे कारण अगदी घरगुती आहे. शहाद्याच्या आमच्या घरात चौदा महिन्यांचा एक नातू आणि सहा वर्षांची एक नात आहे. त्यामुळे घरातली प्रत्येक गंभीर चर्चा सध्या घासापासून निघते आणि घासापाशीच येऊन थांबते. आज वरणभात गिळला की थुंकला, दाढ येते आहे की पोट बिघडले आहे, भाकरीचा पापुद्रा हातात धरला तो तोंडात गेला की मांजराला मिळाला, यांपुढे इतर साऱ्या वार्ता फिक्या आहेत. अशा घरात रोज रात्री नातीला एकेक ‘रात्र’ वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले. वाचता वाचता ध्यानात आले की, साने गुरुजींच्या या कथांत देवघरापेक्षा स्वयंपाकघर मोठे आहे, आणि आमच्या टीकाकारांनी तिथे क्वचितच पाऊल टाकले आहे.

पुस्तकाची जन्मकथा सर्वांना ठाऊक आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ते लिहिले गेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. बेचाळीस रात्री, एक सांगणारा आणि भोवती ऐकणारी मुले, एवढीच त्याची मांडणी. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्याचा चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. २०२३ मध्ये पुन्हा एक चित्रपट झाला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. आई पालगडची, समुद्र दापोलीकडचा, भाजी रताळ्याच्या पाल्याची, म्हणून या पुस्तकाला आपण कोकणचे समजतो. पण खानदेशी माणूस म्हणून माझा त्यावर थोडा हक्क आहे, आणि तो मी सोडणार नाही.

गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरला शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहाचा भार त्यांच्यावर होता. पोरांची अंथरुणे उचलणे, पडलेले कपडे धुऊन ठेवणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे सारे त्यांनी तिथे केले. अमळनेरहून निघालेली गाडी दोंडाईचावरून नंदुरबारला येते आणि पुढे नवापूरकडून सुरतेला जाते. तापीकाठच्या या पट्ट्यातली, घर सोडून शिकायला आलेली मुले गुरुजींच्या हाताखालून गेली. १९३२ मध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली तीही धुळ्याच्या तुरुंगात. नंदुरबार तेव्हा त्याच पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. आमचा जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १९९८ मध्ये. तेव्हा माझे म्हणणे असे की, श्यामची आई पालगडला जन्मली, पण आई होणे म्हणजे रोज उठून काय करणे, हे तिच्या मुलाने अमळनेरच्या वसतिगृहात स्वतः करून पाहिले. ज्याने चाळीस पोरांची अंथरुणे घडी करून ठेवली त्याच्या लेखणीतून उतरलेली आई हवेत तरंगणारी होत नाही. तिच्या हाताला राख लागलेली असते.

ही राखच मला मोलाची वाटते. ‘पत्रावळ’ ही गोष्ट घ्या. स्वतःच्या जेवणाची पत्रावळ स्वतः लावायची असा घरचा शिरस्ता. श्यामला ती नीट जमत नाही. आणि आई त्याला सूट देत नाही. एवढ्याशा गोष्टीत मूल वाढविण्याचे केवढे शास्त्र आहे! पत्रावळ लावणे हा उपदेश नव्हे. पान कोणते घ्यावे, काडी कुठे टोचावी, दोन पानांच्या मध्ये फट राहिली तर आमटी कुठून वाहील, हे सारे हाताला कळावे लागते. पोराचा पहिला दात, पहिले पाऊल यांची आपण नोंद ठेवतो. पण स्वतःच्या अन्नाखालचे पान स्वतः तयार करता येणे हाही वाढीचा टप्पाच आहे, आणि तो गुरुजींनी नोंदविला.

काही वर्षांपूर्वी धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत ही गोष्ट मी मुलांना वाचून दाखविली होती. आईचे बोलणे, श्यामचे रुसणे हे सारे मुलांनी शांतपणे ऐकले. कोणाचे डोळे पाणावले नाहीत. गोष्ट संपल्यावर मागच्या रांगेतली दोन मुले उठून बाहेर गेली, ती पळसाची पाने घेऊनच परतली. पाचदहा मिनिटांत वर्गात पत्रावळींची रास झाली. एकीने तर द्रोणही केला, आणि श्यामला हे का जमू नये, याचे तिला मनापासून नवल वाटले. त्या दिवशी त्या गोष्टीचे जेवढे उत्तम रसग्रहण झाले तेवढे कोणत्याही विद्यापीठाच्या वर्गात झाले नसेल. ‘मातृप्रेम’ हा शब्द मात्र कोणी उच्चारला नाही.

आता ‘अळणी भाजी’. माझे खरे भांडण या गोष्टीशी आहे.

कथा थोडक्यात अशी. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, काही बोलत नाहीत, उलट भाजीचे कौतुक करतात. वडील बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. मागाहून आई जेवायला बसते तेव्हा पहिल्या घासाला तिला कळते आणि तिला फार वाईट वाटते. आपण सर्वांना अळणी अन्न वाढले, म्हणून ती खंतावते. वडिलांचा संयम मोठा की आईची ती रुखरुख मोठी, असा गोड प्रश्न गुरुजी आपल्यापुढे ठेवतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या प्रश्नाने सद्गदित होत आलो आहोत.

माझ्या नातीला मात्र तो प्रश्न पडला नाही. तिने विचारले, “आजोबा, आई नंतर का जेवते?”

तसे पाहिले तर सारी गोष्ट या एका ‘नंतर’वर उभी आहे. आई सर्वांबरोबर पानावर बसली असती तर भाजी अळणी असल्याचे पहिल्या मिनिटाला कळले असते, कोणीतरी मिठाची वाटी पुढे केली असती, आणि गोष्ट घडलीच नसती. वडिलांचा संयम आणि मुलांचे मौन यांना जागा मिळते ती आई शेवटी जेवते म्हणून. गुरुजींची नजर इतकी प्रामाणिक आहे की, तो क्रम त्यांनी जसाच्या तसा टिपला. पण त्या क्रमाला त्या रात्री त्यांनी प्रश्न विचारला नाही.

शिवाय या मौनाचाही मला पुरता भरवसा वाटत नाही. आमच्या खानदेशात मूल पहिला घास घेताच ओरडते, “माय, भाजीमा मीठ नही शे!” आणि माय म्हणते, “ले बापा, मीठ ले.” प्रकरण मिटते. ज्या गावच्या पथारीवर हिवाळ्यात लाल मिरचीचे गालिचे पसरतात, आणि वाऱ्याची झुळूक आली तर वाटसरूला ठसका लागतो, त्या गावची जीभ गप्प बसणे कठीणच. पण हा केवळ तिखटामिठाचा भेद नाही. जेवताना मुलाने काय वाटते ते बोलावे की आईचे मन राखण्यासाठी गिळावे, हा प्रत्येक घरातला रोजचा पेच आहे. दुसऱ्याचे कष्ट ओळखायला शिकविणे चांगलेच. पण ज्या मुलाला स्वतःची चव, भूक आणि पोट भरल्याची खूण सांगता येत नाही, त्याला आपण चांगले जेवायला शिकविले असे मी म्हणणार नाही. चौदा महिन्यांचे पोर मान फिरविते आणि ओठ मिटते, ते उद्धटपणाने नव्हे. त्याचे बोलणेच ते असते.

गुरुजींशी न्यायाने वागायचे तर हेही सांगितले पाहिजे की, या गोष्टीला उत्तर त्यांच्याच पुस्तकात आहे. ‘अर्धनारी नटेश्वर’ या रात्री श्याम आईच्या कामाला हात लावतो, आणि पुरुषाच्या अंगी स्त्रीचे गुण आल्याशिवाय तो पुरा होत नाही, असा विचार गुरुजी मांडतात. १९३५ सालच्या मराठी पुस्तकात, लहान मुलांपुढे, हे सांगणे सोपे नव्हते. पण आमच्या पाठ्यपुस्तकांनी आणि वक्त्यांनी मौनाची गोष्ट उचलली आणि कामाची गोष्ट मागे ठेवली. तसेच ‘आनंदाची दिवाळी’चे झाले. भाऊबीजेच्या पैशांतून आई नवऱ्यासाठी धोतर घेते, हे वाचून आपण धन्य होतो. तिच्या स्वतःच्या लुगड्याचे काय झाले, हे विचारायला कोणी थांबत नाही. फराळाच्या ताटाशी बसून हा अंक वाचणाऱ्या बंधूंनी आज चकली कोणी तळली आणि ती स्वतः केव्हा खाणार, एवढे पाहून यावे. मी तोवर थांबतो.

हा ‘नंतर’ आमच्या जिल्ह्यात पुस्तकापुरता राहत नाही, म्हणून मी त्याच्या मागे लागलो आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी या डोंगरी तालुक्यांची नावे वर्तमानपत्रात येतात ती बहुधा कुपोषणाच्या बातमीत. पोर हडकुळे का, याची कारणे पुष्कळ आहेत: उतारावरची तुटपुंजी शेती, पावसाळ्यात तुटणारी वाट, दूरचा दवाखाना. दिवाळी सरली की ऊस तोडायला गुजरातेत निघालेली कुटुंबेही त्यांत येतात, आणि त्यांच्याबरोबर अर्ध्यातच सुटलेली अंगणवाडीही येते. पण या कारणांच्या आधी एक कारण आहे. पोराची वाढ आईच्या पोटात सुरू होते, आणि जी बाई सर्वांच्या मागून उरलेले खाते तिचे मूल जन्मतःच वजनाला उणे असण्याचा धोका वाढतो. २०१५ पासून आदिवासी भागांत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना एक वेळचे गरम जेवण देण्याची योजना सुरू झाली, तिला अब्दुल कलामांचे नाव आहे. तिच्यात मला सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही वाटते की, जेवण अंगणवाडीत वाढायचे असते. घरी नेले की ते आधी कोणाच्या पानात पडेल, हे योजना आखणाऱ्याला ठाऊक होते. ‘अळणी भाजी’ त्याने टीकाकारांपेक्षा बारकाईने वाचली असावी.

पुस्तकाची दुसरी उणीव निराळी आहे. श्याम पुस्तकात येतो तोच बोलता, चालता, रुसता. तो पालथा केव्हा पडला, त्याचे उष्टावण कोणी केले, जावळ केव्हा काढले, तो पांगुळगाड्याला धरून किती वेळा आपटला, याचा पत्ता नाही. गुरुजींना स्वतःचे मूल नव्हते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले वसतिगृहात येण्याच्या वयाची होती. म्हणून त्यांच्या गोष्टींतली आई मुख्यतः सांगणारी आई आहे, आणि मूल ऐकण्याच्या वयाचे आहे. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. मराठी गद्याला मूल दिसू लागते ते त्याला उपदेश समजू लागल्यावर! त्याआधीची दोनतीन वर्षे, म्हणजे आईच्या अंगावर सर्वांत भारी पडणारी वर्षे, आम्ही बायकांच्या ओव्यांवर आणि पाळण्यांवर सोपवून मोकळे झालो. खुद्द गुरुजींनीच ‘स्त्री जीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या, आणि पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तान्ह्याचे रांगणे, त्याचे हट्ट, त्याची दृष्ट यांचा जेवढा तपशील तिथे आहे तेवढा आमच्या साऱ्या कादंबऱ्यांत मिळून नसेल. बहिणाबाईंची कविता तर आमच्याच तापीच्या खोऱ्यातली. ती १९५२ मध्ये छापली गेली ती मुलाने आईचे शब्द जपले म्हणून. नाहीतर जात्याबरोबर तीही थांबली असती.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा याला मोठा अपवाद. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी पोरांच्या खाण्यापिण्याचे जे हाल झाले ते त्या हसत सांगतात, आणि वाचणाऱ्याच्या घशात घास अडकतो. उपदेशाचे एक अक्षर नाही. मुलांच्या जेवणावर मोठ्यांची तत्त्वे स्वार झाली म्हणजे काय होते, याविषयी मराठीत याहून चांगले काही लिहिले गेले असेल असे मला वाटत नाही.

लहान मुलाकडे लहान मूल म्हणून पाहणारी मंडळी वाङ्मयाच्या अंगणाबाहेर राहिली. गुजरातेत गिजुभाई बधेका होते. त्यांना लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. नवापूरपासून गुजरात हाकेच्या अंतरावर, म्हणून ही पदवी आम्हांला भाषांतराशिवाय समजते आणि आवडते. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम मांडले, आणि पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, या साध्या विचारातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा आली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या सरकारी योजनेने त्यांचा शब्द देशभर नेला. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच कोणी धरतो. मला ते ‘श्यामची आई’च्या शेजारी ठेवावेसे वाटते, कारण तिथली बाई आधी मुलाचे नाक पुसते, मग बोलते.

आणि तिसरे पुस्तक आमच्या शहाद्याकडचे: वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या गोधडीखाली ज्याचे बालपण गेले त्याला त्या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता प्रसिद्ध आहे. आमचे दुःख व्यासपीठावरून दुसरेच लोक आम्हांला सांगत राहिले, असा तिचा आशय. सातपुड्यातल्या मुलांच्या भुकेविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने, अर्थात मीही, ही कविता टेबलावर उघडी ठेवून लिहावे. तिथली आई उन्हाळ्यात कैऱ्या सोलून आमचूर वाळवते, झाडाला बांधलेल्या झोळीत पोर निजवते, मोराच्या भगरीचा भात शिजवते. तिच्या रात्रींचे पुस्तक पावरीत किंवा भिलोरीत तिच्याच मुलीने लिहावे, ही माझी मागणी आहे. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीत वाचायला देण्याचा प्रयत्न केला, तो त्या वाटेवरचा आहे.

जाता जाता मोबाईलविषयी, कारण तो विषय टाळला तर सूनबाई रागावेल. पोरे मोबाईलकडे पाहत जेवतात, म्हणून हल्लीच्या आयांना दोष देण्याची लेखकमंडळींत मोठी चढाओढ आहे. तो लेख मी लिहिणार नाही. चिऊचा एक आणि काऊचा एक असे घास भरविताना एक आजी, एक आत्या आणि एक रिकामे अंगण लागत असे. ती तिन्ही काढून घेऊन आईच्या हातात फक्त वाटी ठेवली, तर दुसरा हात कुठेतरी जाणारच. मात्र घासाबरोबर सांगितलेली गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट यांत एक फरक आहे. सांगणारी आजी पोराच्या तोंडाकडे पाहत असते. घास गिळला नसेल तर चिमणी तेवढा वेळ फांदीवर थांबते. पडद्यावरची चिमणी थांबत नाही.

पुस्तकातली एक गोष्ट मी नातीला अजून वाचून दाखविलेली नाही: ‘पुण्यात्मा यशवंत’. श्यामचा धाकटा भाऊ जातो. त्या काळी बहुतेक घरांत असे एखादे मूल गेलेले असे, आणि त्याला पुण्यात्मा म्हणण्याने आईला जगण्याचा आधार मिळत असेल. तो काढून घेणारा मी कोण! पण २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल काढला तेव्हा त्याला ‘कोवळी पानगळ’ हे नाव दिले, आणि नोंदींबाहेर राहिलेली मुले मोजून दाखविली. तेही एक वाचन आहे. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की सहा महिन्यांवरचे आणि पाच वर्षांखालचे मूल अति धोक्यात समजतात. आमच्या शेजारी राहणारी अंगणवाडीताई ही फीत पिशवीत घेऊनच हिंडते. पूर्वीच्या आया करदोटा तंग झाला की सैल, एवढ्यावरून वाढ ओळखीत. तिला तो करदोटाही पाहायची सवय आहे. तिच्याकडच्या तक्त्यावर एखादी रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरली की ती त्या घरी जाते. तिथे मुलाकडे पाहण्याआधी ती चुलीपाशी बसते आणि बाईला विचारते, “आज तू काय जेवलीस?”

अस्तंब्याची यात्रा संपली की तिच्या यादीतली बरीच घरे बंद होतील. फीत आणि कार्ड बरोबर नेता येते का, गुजरातेतल्या कोणत्या अंगणवाडीत ते दाखवायचे, हे ती या आठवड्यात प्रत्येक आईला बसून समजावते आहे. फराळाला ये म्हटले तर म्हणाली, पाडव्यानंतर.